मुंबई ते पुणे : एका दिवसाची वाट

मराठी माणूस दिल्लीस असो, इंदुरास असो, बडोद्यास असो की हैदराबादेस. मुंबईहून पुण्यास जाण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा येतोच. कर्जत सोडल्यावर गाडी डोंगराला भिडते, मागून जोडलेली एंजिने तिला वर रेटू लागतात, डब्यातील मुले बोगदे मोजू लागतात, आणि मोजदाद चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. तासाभरात खंडाळा मागे पडते आणि आपण देशावर येऊन पोहोचतो. हा चढ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, येथे एके काळी आगगाडीचा रस्ता मध्येच तुटलेला होता, याची आपल्याला आठवणही राहिलेली नाही. १४ जून १८५८ ते १४ मे १८६३ या पाच वर्षांत मुंबईहून आलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबत असे आणि पुण्याची गाडी घाटमाथ्यावरून सुटत असे. मधली सुमारे १३ मैलांची, म्हणजे २१ किलोमीटरांची, वाट प्रवाशाने पालखीतून, तट्टावरून, गाडीतून किंवा आपल्या पायांनी ओलांडावयाची असे. त्या तुटलेल्या वाटेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. कारण त्या १३ मैलांत जुना आणि नवा असे दोन काळ एकमेकांशेजारून चालत होते, आणि दोघांचेही खरे स्वरूप तेथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

आगगाडीपूर्वीची वाट समुद्रातून जात असे, हे आज कोणास सांगितले तर ते नवल वाटेल. मुंबई हे बेट. शीवचा बंधारा १८०३ साली झाला आणि माहीमचा १८४५ साली, तोही लेडी जमशेटजी यांच्या दानशूरपणामुळे. तथापि पुण्यास निघालेला मनुष्य बहुधा या बंधाऱ्यांच्या वाटेस जात नसे. तो बंदरावर जाऊन पनवेलची होडी गाठी. होडी सुटणार भरतीच्या वेळेवर, चालणार वाऱ्याच्या मर्जीने, आणि पनवेलच्या खाडीत शिरताना ओहोटी लागली तर चिखलात रुतून पुढच्या भरतीची वाट पाहणार. पनवेलास उतरल्यावर खोपोलीपर्यंत सपाटीची वाट, आणि खोपोलीपासून बोरघाट. पुणे गाठण्यास किती दिवस लागतील हे पंचांग पाहून सांगता येत असे, घड्याळ पाहून नव्हे. कारण चंद्राची तिथी कळली तरच भरतीची वेळ कळावयाची.

बोरघाट ही फार जुनी वाट आहे. घाटमाथ्यावरील कार्ल्याची लेणी पाहिली म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या वाटेने व्यापारी व भिक्षू चढउतार करीत असले पाहिजेत, हे ध्यानात येते. परंतु ही वाट माणसांची आणि लादलेल्या बैलांची होती, चाकांची नव्हती. घाटाखाली खोपोलीस नाना फडणिसांनी एक विस्तीर्ण तलाव बांधविला आणि त्याच्या काठी महादेवाचे देऊळ उभारले. राज्यकारभार करणाऱ्या त्या चतुर पुरुषाला प्रवासी नेमका कोठे थकतो आणि कोठे धास्तावतो, याची चांगली जाण होती, असेच म्हटले पाहिजे. पुढे १८०४ साली जनरल वेलस्ली याने आपल्या तोफा नेता याव्यात म्हणून वाट सुधारली, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला. तेव्हापासून चाक प्रथमच सह्याद्रीच्या या बाजूने वर चढू लागले. त्या रस्त्याचा हेतू काय होता, याविषयी भ्रम नसावा. पुण्याच्या छावणीस लागणारे सामान वर जावे आणि देशावरील कापूस खाली बंदरात यावा, हा तो हेतू. सामान्य प्रवाशाला रस्ता मिळाला तो या दोन गरजांच्या आडोशाने.

त्या काळी प्रवासाची पहिली तयारी म्हणजे सोबत शोधणे. पैसा, शिदोरी, वळकटी ही नंतरची. एकट्याने घाट चढणे धोक्याचे; वाटेत आजारी पडल्यास पाणी देणारा कोणी असावा, नदीच्या उतारावर हात देणारा असावा, रात्री मुक्कामी गाठोडे राखणारा असावा, यासाठी चार माणसे जमेपर्यंत प्रवास लांबणीवर टाकण्यात येई. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, तेही काका रामभट यांच्या सोबतीने. हिंदुस्थानातील महान उलथापालथीतून ते परत आले, आणि त्यांनी लिहून ठेवलेला वृत्तान्त १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाला, हे सर्वश्रुत आहे. ज्या वर्षी ते निघाले त्या वर्षी आगगाडी खोपोलीपर्यंत आलेली होती. वरसई तेथून फार दूर नाही. म्हणजे एकाच मुलखात, एकाच वर्षी, जुना प्रवास आणि नवा प्रवास दोन्ही चालू होते.

नव्या प्रवासाच्या तारखा थोडक्यात सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी २१ मैलांची, म्हणजे ३४ किलोमीटरांची, पहिली उतारूगाडी धावली. १४ डबे होते, सुमारे ४०० निमंत्रित होते, आणि २१ तोफांची सलामी झाली. या उद्योगात ज्या एतद्देशीयांनी आरंभापासून मन घातले होते, त्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव अग्रभागी आहे. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणास पोहोचली. १२ मे १८५६ रोजी ती पळसदरीवरून खोपोलीस आली. इंग्रजी कागदांत या गावाचे नाव ‘कॅम्पूली’ असे विचित्र रीतीने लिहिलेले आढळते. येथे डोंगर आडवा आला. कंपनीचा मुख्य एंजिनिअर जेम्स बर्कली याने अनेक मोजण्या करून सुमारे १६ मैलांचा चढ आखला. तेवढ्या अंतरात रूळ १,८३१ फूट वर न्यावयाचे होते. ते काम संपण्याची वाट न पाहता कंपनीने माथ्यावरील खंडाळा ते पुणे हा भाग बांधून घेतला, आणि १४ जून १८५८ रोजी तो चालू केला. दोन तुकडे तयार झाले. मधला सांधा मात्र राहिला.

या सांध्यावरून जाणारा प्रवास कसा होत असेल, हे समजण्यासाठी आपण एक दिवस कल्पनेने उभा करू. वर्ष १८६१ घेऊ, महिना जानेवारीचा, म्हणजे पौषातील थंडीचा. मुंबईत राहणारे चार मित्र पुण्यास निघाले आहेत असे समजू. एक सरकारी कचेरीतील कारकून, एक शाळामास्तर, एक कापसाचा लहानसा व्यापारी आणि एक विद्यार्थी. माणसे कल्पित आहेत. वाट मात्र खरी आहे.

दिवस उजाडण्यापूर्वीच त्यांना घर सोडावे लागले असेल. मुंबईत त्या वेळी ट्राम नव्हती. घोड्यांची ट्राम पुढे १८७४ साली आली. तेव्हा गिरगावातून बोरीबंदरापर्यंत बैलांच्या रेकल्याने किंवा शिग्रामाने जावयाचे. आज जेथे युनेस्कोने जागतिक वारसा ठरविलेली भव्य वास्तू उभी आहे, तेथे तेव्हा साधेसे स्टेशन होते. ती वास्तू १८८८ साली पुरी झाली. तिकिटे काढली, आणि चौघे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एका बाकावर बसले. ही बसण्याची गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तिकिटाची किंमत सारखी भरली की शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय उरत नव्हती. कंपनीने वर्ग पाडले होते ते पैशांवरून, जातींवरून नव्हे. जुन्या लोकांनी यावर कुरकुर केली, स्नाने केली, प्रायश्चित्ताच्या चर्चा केल्या. पण गाडीत बसावयाचे ते बसलेच. आगगाडीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा पुढे याच तिसऱ्या वर्गाने उचलला.

ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कल्याणास येते, आणि तेथून उल्हास नदीच्या खोऱ्याने आग्नेयेस वळते. उजव्या अंगास माथेरानचा डोंगर दिसू लागतो. नेरळ, कर्जत, पळसदरी, आणि मग खोपोली. बोरीबंदरापासून हे अंतर सुमारे ७१ मैल भरते. त्या काळच्या गाड्यांची गती तासास वीस मैलांच्या आसपास धरली आणि स्टेशनांवरील थांबे जमेस धरले, तर सकाळी लवकर निघालेले उतारू दुपारच्या सुमारास खोपोलीस उतरत असावेत असा हिशेब निघतो. पनवेलच्या होडीत ज्यांनी रात्री काढल्या होत्या, त्यांना हा वेग केवढा वाटला असेल!

खोपोलीस उतरताच मात्र घड्याळ पुन्हा मंद होई. नाना फडणिसांच्या तलावावर हातपाय धुवावे, महादेवाचे दर्शन घ्यावे, शिदोरी सोडावी. सकाळी एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले मित्र येथे जेवावयास कदाचित निरनिराळ्या झाडांखाली बसले असतील. त्या काळची रीत तशीच होती. आगगाडीने माणसांना जवळ बसविले होते, एका पंक्तीस बसविण्याचे काम तिचे नव्हते. ते काम समाजालाच करावयाचे होते, आणि त्यास पुढे फार काळ लागला.

जेवण झाले की वाहनाचा प्रश्न. स्टेशनाबाहेर पालख्या व डोल्या घेऊन भोई उभे असत, तट्टूवाले असत, बैलगाड्या असत. येथे मैत्रीची खरी परीक्षा होई. व्यापारी पालखीत बसणार, कारकून तट्टू करणार, मास्तर सामानाच्या गाडीत एका कडेस जागा धरणार, आणि विद्यार्थी पायी चालणार. डब्यातल्या बाकावर जो भेद झाकला गेला होता, तो घाटाच्या पहिल्याच वळणावर उघडा पडे. ज्याची थैली जड त्याचे पाय हलके, असा तेथील नियम होता. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडे. पालखीची चाल, तट्टाची चाल, बैलांची चाल आणि माणसाची चाल या चढावर फारशा वेगळ्या राहत नाहीत. भोई खांदा बदलण्यास थांबले की मागचा गाठतो. बैल दम घेऊ लागले की पुढचा वळून पाहतो. एकमेकांसाठी थांबल्यावाचून तो घाट चढताच येत नसे.

आणि ज्याच्यासाठी कोणी थांबत नसे असा एक वर्ग त्या वाटेवर होता. तो म्हणजे भोयांचा. दांडी खांद्यावर घेऊन, पावलाशी पाऊल जुळवून, आत बसलेल्यास हिसका बसू नये इतक्या सांभाळाने चढ चढणे, ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाची विद्या होती. वाटेतला दगड, खाचखळगा, लवलेली फांदी यांची वर्दी पुढचा भोई मागच्यास विशिष्ट शब्दांनी देई. मागच्याला तर काही दिसतच नसे. दोन आगगाड्यांमधली ती पाच वर्षे या लोकांना चांगली गेली असावीत. रोज ठरलेल्या वेळी उतारूंचा लोंढा येई आणि खांद्यांना मागणी असे. परंतु ज्या रस्त्यावरून ते पालखी नेत, त्याच्याच शेजारी डोंगराच्या अंगावर त्यांच्या धंद्याचा शेवट कोरला जात होता, आणि तो त्यांना रोज दिसत होता.

आपले चार मित्र जानेवारी १८६१मध्ये जात आहेत असे मी मुद्दाम म्हटले. कारण त्या महिन्यात बोरघाटाच्या कामावर सुमारे ४२,००० मजूर होते. ही संख्या त्या बांधकामातील सर्वांत मोठी होय. सुरुंगांचे आवाज दरीतून घुमत असतील, धुळीचे लोट उठत असतील, आणि उभ्या कड्यावर दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारी माणसे दिसत असतील. हे वर्णन कल्पनेचे नाही. कड्यावर पाय ठेवण्यास जागा नसे तेथे माणसे दोराने सोडूनच काम करावे लागे. पुरुष कातळ फोडीत. बायका व मुले पाट्या वाहत. पावसाळ्यात काम बहुतेक बंद पडे आणि माणसे पांगत. दसरा-दिवाळीनंतर पुन्हा हजारोंच्या संख्येने गोळा होत.

या कामाचा मक्ता प्रथम फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराकडे होता. मुंबई-ठाणे मार्गाच्या बांधणीतही त्याचा हात होता. जानेवारी १८५९मध्ये मजुरी थकल्यावरून मजूर खवळले आणि दंगा झाला. आपल्याकडील कामगारांच्या इतिहासात गिरण्यांचे संप पुष्कळदा सांगितले जातात. त्यांच्या कितीतरी आधी सह्याद्रीच्या या कड्यावर घामाच्या पैशासाठी माणसे एकत्र उभी राहिली होती, हेही सांगितले गेले पाहिजे. त्याच वर्षी फॅव्हिएलने मक्ता सोडला. तो सॉलोमन ट्रेडवेल याने घेतला. परंतु हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने तो मक्ता स्वतः चालविण्याचे ठरविले, आणि दोन अनुभवी एंजिनिअरांच्या हातून काम तडीस नेले. त्या काळी एका विधवेने एवढ्या प्रचंड कामाची जबाबदारी घेणे ही असामान्य गोष्ट होती, यात शंका नाही. पण १८५९-६०च्या हंगामात पटकीने या तळावरील मजुरांचे जे बळी घेतले, त्यांच्या विधवांनी काय केले, हाही प्रश्न त्याच पानावर लिहिला गेला पाहिजे. मुख्य एंजिनिअर बर्कली यालाही हे काम पुरे झालेले पाहता आले नाही. १८६२ साली इंग्लंडात त्याचा अंत झाला.

आता आपण आपल्या प्रवाशांकडे वळू. दिवस कलता कलता ते खंडाळ्यास पोहोचले असतील. मागे वळून पाहिले तर कोकण पायाशी पसरलेले, समोर नागफणीचा सुळका, आणि दूरवर राजमाचीची शिखरे. येथे पुन्हा स्टेशन, पुन्हा तिकिटाची खिडकी, पुन्हा तेच बाक. पालखीतला आणि पायी आलेला पुन्हा एका ओळीत बसले. खंडाळ्याहून पुणे सुमारे ४२ मैल. लोहगड-विसापूरच्या पायथ्याखालून, इंद्रायणीच्या काठाने, मावळातील भाताच्या कापलेल्या खाचरांवरून गाडी पुण्यास येई, तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असावी. मग छकड्यातून पेठेत जावयाचे, आणि आपापल्या आळीच्या तोंडाशी एकमेकांचा निरोप घ्यावयाचा. पहाटेचा रेकला धरून मोजले तर पाच टप्पे, आणि चार वेळा वाहनांची अदलाबदल. तरी पण एकच दिवस. ज्या प्रवासाला पूर्वी तिथी पाहावी लागे तो एका सूर्योदयापासून त्याच रात्रीपर्यंत आटोपला होता.

‘एकच दिवस’ या दोन शब्दांत महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासाची एक मोठी किल्ली आहे, असे मला वाटते. पेशवाई गेल्यानंतर पुणे हे आठवणींचे शहर झाले होते आणि मुंबई हे उद्योगाचे. एकाकडे विद्या व परंपरा, दुसरीकडे पैसा, छापखाने आणि नवे विद्यापीठ. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेत १८६२ साली जे पहिले चार विद्यार्थी उत्तीर्ण झाले, ते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. घाटाचा सांधा अजून जुळावयाचा होता, त्या काळातील ही तरुण मंडळी. पुढे १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज निघाला आणि १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा. एका शहरात नोकरी आणि दुसऱ्या शहरात व्याख्यान, एका शहरातला विचार आणि दुसऱ्या शहरातली वर्गणी, असे जे दुहेरी सार्वजनिक जीवन त्या पिढीने उभे केले, ते दोन शहरांमध्ये दिवसाचे अंतर उरले म्हणूनच शक्य झाले. डिसेंबर १८८५मध्ये राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले होते. ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ आली, आणि अधिवेशन मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवावे लागले. ७२ प्रतिनिधींची सभा इतक्या थोड्या अवधीत एका शहरातून दुसऱ्या शहरात नेता आली, यामागे बोरघाटाचे रूळही होते, हे विसरू नये.

अर्थात रूळ निवड करीत नाहीत. जी गाडी पुढाऱ्यांना आणते तीच रोगालाही आणते. १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप सुरू झाला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. घाट हा ज्या काळी अडसर होता त्या काळी तो काही अंशी तटबंदीही होता. तो फोडताना आपण काय मिळविले याचा हिशेब ठेवला गेला. काय गमावले याचा ठेवला गेला नाही.

१८६३च्या एप्रिलमध्ये सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले, आणि १४ मे रोजी तो सर्वांना खुला झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट असा चढ. वाटेत एके ठिकाणी डोंगर इतका अरुंद होता की, गाडी पुढे नेण्यास जागाच नव्हती. तेथे एंजिन सोडून दुसऱ्या टोकास लावीत आणि गाडी उलट्या तोंडाने वर चढे. ही गंमत १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत टिकली. त्यानंतर विजेची गाडी आली, आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. दिवसाचे अंतर काही तासांवर आले.

खोपोलीचे काय झाले? १४ मे १८६३ रोजी ते गाव मुख्य वाटेवरून एकदम बाजूला पडले. सात वर्षे जेथे मुंबईची गाडी थांबे, तेथे आता केवळ एक फाटा उरला. पळसदरीहून वेगळा होणारा तो फाटा आजही चालू आहे, आणि मुंबईच्या उपनगरी गाड्या त्यावरून खोपोलीस जातात. १९१५ साली टाटांचे वीजगृह तेथे सुरू झाले, आणि ज्या उंचीने प्रवाशांना छळले होते तीच उंची पाण्याच्या रूपाने मुंबईला वीज पुरवू लागली. डोंगर तोच, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. भोयांना मात्र असा दुसरा उद्योग कोणी आणून दिला नाही. त्यांची विद्या खांद्यांत होती, आणि ती खांद्यांबरोबरच संपली.

गेल्या काही वर्षांत या वाटेवर आणखी बदल झाले. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. माल्कमच्या काळातील म्हणून प्रसिद्ध असलेला, पुढे अमृतांजन पूल या नावाने ओळखला जाणारा पूल एप्रिल २०२०मध्ये पाडण्यात आला. द्रुतगती मार्गावरील वाहनांना त्याचे खांब अडथळा करीत होते. जानेवारी २०२४मध्ये शिवडीहून समुद्र ओलांडणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. म्हणजे मुंबईकर पुन्हा एकदा बंदर ओलांडून पनवेलच्या बाजूस उतरू लागला. भरतीची वाट पाहण्याचे कारण तेवढे उरले नाही.

आज मुंबईहून पुण्यास जाणारे चार मित्र एका मोटारीत बसतात आणि एकाच वेळी पोहोचतात. कोणास कोणासाठी थांबावे लागत नाही. हे सुख खरेच मोठे आहे, आणि जुन्या कष्टांचे कौतुक करण्यात काही अर्थ नाही. पालखीचे गोडवे गाणारा बहुधा आत बसलेला असतो, दांडीखाली नसतो. परंतु इतिहासाचे एक मागणे आपल्याकडे आहे. बोगद्याच्या अंधारात गाडी शिरली म्हणजे एंजिनिअरांची, गव्हर्नरांची आणि कंत्राटदारांची नावे आठवण्यास पुस्तके आहेत. त्या कातळावरच्या छिन्नीच्या खुणा ज्यांच्या हातच्या आहेत, त्या हजारो स्त्रीपुरुषांना आणि घाटाच्या शेवटच्या भोयांना आठवण्यास आपल्यावाचून दुसरे कोणी नाही. मुले बोगदे मोजू लागली म्हणजे त्यांना एवढे अवश्य सांगावे की, प्रत्येक बोगदा माणसांनी हाताने फोडला आहे, आणि तो फुटेपर्यंत हा डोंगर माणसांनी खांद्यावर वाहिला आहे.